मावशीच्या घरी तीन गुंड

(कुरखेड्याजवळच्या गावातलं सोमाजीचं घर. जानेवारीतली दुपार. सोमाजी निवृत्त वनपाल, रंभा त्याची बायको. इनायत एकेकाळी सोमाजीच्या हाताखाली वनरक्षक होता.)

सोमाजी : ...म्हून म्हनतो इनायत, माह्यं नाव त्यात आनू नको. दुसरं काई असन त सांग.

इनायत : दुसरं सांगाले मी सकाळच्या यष्टीत बसलो का, भाऊ? चांदा, मूल, सिंदेवाही, वडसा. दोनदा गाडी बदलली. परवा तारीख आहे. वकील म्हनते, एक मानूस आन. जास्त नाई, एकच. त्यानं कोर्टात येवढंच म्हनाचं का, हा इनायत वाघ मारनाऱ्या टोळीत आपल्या मनानं नवता गेला, याले खात्यानं पाठवलं होतं.

सोमाजी : खात्यानं पाठवलं त खात्याले विचार.

इनायत : खातं म्हनजे कोन? त्या वक्ती माह्यासाठी खातं म्हनजे तुमीच होते.

सोमाजी : मी हुकमाचा ताबेदार. हुकूम साहेबाचा.

इनायत : साहेबानं तुमाले सांगतलं, तुमी मले. साहेबाचं तोंड मी दोनदा पाह्यलं. दोन्ही वक्ती ते जीपमंदी बसून होते न् मी खाली उभा.

सोमाजी : मंग साहेबाले पत्र लिह्य ना.

इनायत : लिह्यलं. रजिस्टर पोस्टानं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं. ‘सदर बाब स्मरणात नाही.’ टाइप केलेलं, खाली लंबी सही. चौदा महिने मी भाता न् कोळसा खांद्यावर घेऊन बाजार-बाजार हिंडलो, ते त्याईच्या सदर स्मरणात नाई.

रंभा : पानी त घ्या भाऊ आधी. आल्यापासून तुमचं दोघांचं हेच चालू आहे.

इनायत : द्या बाई.

सोमाजी : बघ, कसं आहे. कोर्ट म्हनजे कागद. कागदोपत्री माह्याजवळ काईच नाई. नुसता तोंडी जाऊन उभा राह्यलो त सरकारी वकील मलेच फाडून खाईल.

इनायत : कागद आहे ना, भाऊ. हजेरीपट आहे.

सोमाजी : त्याचं आता कायले काढतं?

इनायत : काऊन नाई काढू? त्यात तुमच्या अक्षरात लिह्यलं आहे, ‘विनापरवानगी गैरहजर’. एका महिन्याचं नाई, चौदा महिन्याचं. तुमी म्हनले, इनायत, असं लिह्याच लागते, ऑफिसातून बात फुटाले नको. मी म्हनलं लिवा. आता सरकारी वकील तोच कागद जजसाहेबाले दाखवते. म्हनते, पाहा हुजूर, हा वनरक्षक नोकरीवर लाथ मारून शिकाऱ्याइच्या टोळीत गेला. आरोपी नंबर चार.

रंभा : चार? मंग बाकीचे तीन?

इनायत : दोघं जामीन भेटला तसे पळाले. तिसरा लालसू, तो काविळीनं गेला. तारखेवर मी एकटाच हजर राह्यतो, बाई. शिपाई नाव पुकारते, चारही नावं, दरवेळी. तिघांचा आवाज नाई. मी म्हनतो, हाजिर. चार वर्षांत एक तारीख चुकवली नाई म्या.

रंभा : आन् तो मोहाफुलाचा व्यापारी, ज्याचं नाव सारे लोक घेत? बापूराव?

इनायत : त्याचं नावच नाई कागदात. मांगच्या तारखेले कोर्टाच्या दारात भेटला. दुसऱ्या कोनत्या तरी कामानं आलता. मले म्हनते, का रे कल्हईवाल्या, बरं आहे ना?

सोमाजी : जाऊ दे. त्या गोष्टी उगाळून काय भेटते.

रंभा : तुमी थांबा जरा. मले कधी कोनं काई सांगतलंच नाई. कार्डं माह्या नावानं येत. वर माह्यं नाव, रंभाबाई सोमाजी, वनपाल क्वार्टर. आत लिह्यलं राहे, बाई तुमचा गंज तयार आहे, बाई तुमच्या गुंडाले दोन वेळा कथील लागलं. मले त वाचता येते. मी म्हनो, माह्याजवळ पानी भराचा पितळेचा एकच गुंड, तोही माहेरचा, न् हा कल्हईवाला कोनाचे गुंड मले पाठवून राह्यला? हे कार्ड घेत, वाचत, न् डोक्शात टोपी घालून जात ते आठ-आठ दिवस घरी पाय नाई.

सोमाजी : सरकारी काम होतं. बायकांले सांगाचं नसते.

रंभा : नाव माह्यं चालत होतं ना पन सरकारी कामाले.

इनायत : मी सांगतो बाई तुमाले. नाई तरी सांगाले कोन आहे. माही बायको शमीम म्हनते, तीच बात पुन्हा नको काढू, पोरी आयकते.

रंभा : सांगा.

इनायत : माह्या अब्बाचा धंदा कल्हईचा, मूलच्या बाजारात. लहानपनी मीच भाता ओढे. नोकरी लागली तवा अब्बा म्हनले, चल, एक पिढी त धुरातून सुटली. न् एका दिवशी सोमाजीभाऊ म्हनले, इनायत, तुह्या हाताले ते काम येते ना अजून?

सोमाजी : मी सहज विचारलं होतं.

इनायत : सहज विचारलं न् आठ दिवसांत मले दाढी वाढवाले लावली. गोष्ट अशी होती बाई, का सिंदेवाहीच्या भागात वाघ कमी होत होते. बंदुकीचा आवाज नाई, जहर दिल्याची खूण नाई. कोनी म्हने, लोखंडी जबडा लावते. पाय पडला का दोन दातेरी पट्ट्या खाडकन मिटते. त्याले ते खटका म्हनत. बापूरावाच्या गोदामावर तीन हमाल होते. साहेबाले शक होता का हेच ते. पन हमाल पकडून काय करता? कातडं घेनारा नागपूरहून येते, तो पायजे, असं साहेब म्हने. म्हून मले पाठवलं. जा, बाजारात बस, भांडे कर, त्याईच्यात मिसळ, न् घेनारा कवा येते ते कळव.

रंभा : न् मिसळले?

इनायत : चार महिने कोनी विचारलं नाई. स्टीलचा जमाना, कल्हई कोन करते? दिवसाले एखादी म्हातारी गुंड घेऊन येई. मंग एका बाजारात मले थंडी-ताप भरला. तिथीच चिचेखाली पडलो. लालसू तो, हमाल, त्यानं उचलून गोदामात नेलं. पाच दिवस पेज पाजली. मांडीवर डोकं घेऊन. मी शुद्धीवर आलो न् पयले मनात काय आलं सांगू? का चला, आत घुसलो. येवढ्या चांगल्या मानसाच्या मांडीवर डोकं, न् मनात हे.

सोमाजी : ते तुह्यं काम होतं. तू काम केलं.

इनायत : हो, काम. फागुनात बापूरावानं एक खटका माह्यापुढं टाकला. त्याची पाती गेलती, ज्या पातीच्या जोरावर जबडा मिटते ती. मी म्हनलं, मी भांडेवाला, लोहार नाई. तो म्हनते, भाता आहे, कोळसा आहे, हात आहे, अजून काय लागते? मी पाती तापवली न् मुद्दाम पानी कच्चं दिलं. म्हनलं ढिली राहील, जनावर पाय काढून घेईल. बापूरावानं त्यात बांबू घातला. खटका मिटला, पन बांबू तसाच. त्यानं माह्याकडं पाह्यलं. काई बोलला नाई. नुसता भट्टीकडं हात केला. दुसऱ्या वक्ती बांबू फुटला.

रंभा : अरे बाप्पा.

इनायत : तीन केले असे. पंधरा दिवसांत एक वाघीन गेली. दुधावर होती. मी कार्ड टाकलं तुमाले भाऊ, वाघीन गेली म्हून. कातडं गोदामातच आहे, आत्ता धाड टाका म्हून. आठवते का?

सोमाजी : आठवते. मी साहेबाले सांगतलं. साहेब म्हनले, थांबा, घेनारा येऊ द्या.

इनायत : घेनारा येऊ द्या. हेच आयकत आलो मी. वाघ गेला, थांबा. वाघीन गेली, थांबा. तो घेनारा काई आलाच नाई. कोन्या हमालाच्या सासऱ्याच्या बैलगाडीतून कातडं निघून गेलं न् आमी रस्त्याकडं डोळे लावून बसलो.

सोमाजी : वरच्या लोकांचं धोरन होतं, इनायत. माह्या हातात काय होतं?

इनायत : डिसेंबरात धाड पडली तवाही तुमच्या हातात काई नवतं. बापूराव आदल्या दिवशीच गावाले गेला, त्याले आधीच समजलं. तुमी मलेही बेड्या घातल्या. कानात म्हनले, दोन दिवस आत राह्य, लालसूले शक याले नको, मंग मी सोडवतो. दोन दिवस.

सोमाजी : साहेबाची बदली झाली ना मंधातच. नव्या साहेबाले कोन समजावनार? ते म्हनले, असा काई प्रस्ताव रेकॉर्डवर नाई.

इनायत : तुमी समजावनार. नव्या साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून तुमी म्हनाचं होतं, याले मी पाठवलं.

सोमाजी : माह्ये सव्वा वर्ष राह्यलते रिटायर व्हाले. चौकशी लागली असती. तीस वर्षांत माह्या सर्व्हिसबुकात एक लाल रेघ नाई. या गावात अजून लोक मले वनपालजी म्हनते.

इनायत : मले आरोपी म्हनते, भाऊ.

रंभा : भात वाढू का? लाखोळीची डाळ आहे.

इनायत : नको बाई. पोट भरून आहे. अन् खरं सांगू का, सस्पेंड झालो त्याचं येवढं नाई वाटत. पुन्हा तोच धंदा करतो, शादीब्याहाच्या देगा चमकवतो. अब्बा वारले त्याच्या आधी दोन-तीन महिने माह्यापाशी बसून भाता ओढत. काई बोलत नसत. पन ते खटक्याचं नाई जात डोक्शातून. मंगरूचं.

रंभा : कोन मंगरू?

सोमाजी : रंभे, अंगनात बकरी आली पाय. धान खाऊन राह्यली.

रंभा : बकरी बांधून आहे. कोन मंगरू?

इनायत : तेंदूपत्ता तोडाले गेलता तो. ज्याचा पाय गेला.

रंभा : आपल्या राऊंडातला? तो हलबीटोल्याचा? आयकलं होतं मी. आमी मांडवातच होतो तवा. आमच्या पोरीचं, दिव्यानीचं, लगन आदल्याच दिवशी झालतं. मांडवात कोनीतरी सांगत आलं, एका मानसाचा पाय फसला जंगलात. मी म्हनलं, काय नशीब एकेकाचं.

सोमाजी : आता बस कर, इनायत. ते झालं न् गेलं.

इनायत : तिच्यापासून काऊन लपवाचं, भाऊ? बाई, तो पाय माह्यामुळं गेला. ते खटके मीच दुरुस्त केलते. उन्हाळ्यात नाले आटले, जनावर मंग एकाच पानवठ्यावर येते, उंबरझऱ्यावर. बापूरावानं तीन खटके तिथी लावाले पाठवले, सोमवारी. न् पत्त्याचं काम सुरू झालतं. गावंच्या गावं पहाटेपासून जंगलात. बाया, म्हातारे, सारे. मी म्हनलं, आता वाघ गेला चुलीत, इथी मानसं मरते. मले जाता येत नवतं, दोघं जन सारखे माह्यासंगं. म्हून बाजारात कार्ड टाकलं.

रंभा : काय लिह्यलं होतं कार्डात?

सोमाजी : आता ते कोनाले आठवते.

इनायत : मले आठवते ना. भाऊचं न् माह्यं ठरलं होतं, खटक्याले गुंड म्हनाचं न् उंबरझऱ्याले मावशी. मी लिह्यलं, ‘बाई, मावशीच्या घरी तीन गुंड ठेवले आहे. आजच्या आज उचलून घ्या, घरात लहान लेकरं आहे.’ लेकरं म्हनजे पत्ता तोडनारे. वाटलं, मंगळवारी कार्ड भेटन, बुधवारी भाऊ दोन वनमजूर घेऊन गस्तीच्या बहान्यानं जाईन, खटके काढून आनन. कोनाले शकही येनार नाई.

रंभा : कोनत्या वारी टाकलं म्हनता?

इनायत : सोमवारी. सिंदेवाहीच्या बाजारात. पन उशीर झाला माह्याकडून. तीन वाजता डबा उघडते. एका म्हातारीचा गुंड हातात होता, तो पुरा करून उठलो. डबा उघडून गेला असन तवर. भाऊ नंतर म्हनले ना, कार्ड शुक्रवारी भेटलं. न् मंगरूचा पाय पडला गुरुवारी सकाळी. तो गुंड तसाच टाकून उठलो असतो त त्याचा पाय वाचला असता. चार वर्षं मी त्या दिवसाचा घंटा-घंटा जोडून पाहतो. तीनच्या आधी उठलो का नंतर उठलो. त्या म्हातारीचं तोंड आठवते मले. घड्याळ नाई आठवत.

रंभा : शुक्रवारी भेटलं म्हनले हे?

सोमाजी : रंभे, तू घरात जा.

रंभा : मंगळवारी हळद होती. बुधवारी लगन.

सोमाजी : मी म्हनलं ना, जा म्हून.

रंभा : नाई जात. इनायतभाऊ, कार्ड मंगळवारी आलतं.

इनायत : काय?

रंभा : हळद लावून राह्यलो होतो पोरीले. पोस्टमन मांडवात आला, त्याले मी बुंदी देली, म्हून आठवते. कार्ड हातात घेतलं. तुमचं अक्षर वळखलं. मले माहीत होतं, कार्ड आलं का हे जाते. सात-आठ महिने तेच पाह्यलं. एकुलती पोरगी, बाप मांडवात नाई त लोक काय म्हनते? कन्यादान कोन करते? मी वाचलं, मावशीच्या घरी गुंड. मले वाटलं, गुंडच आहे, राहू द्या दोन दिवस मावशीच्या घरी. कार्ड घडी करून साडीच्या पेटीत टाकलं. लगन झालं, पोरगी गेली, शुक्रवारी मी यायच्या हातात देलं.

इनायत : भाऊ, खरं आहे हे?

सोमाजी : त्याच्यावर शिक्का होता मंगळवारचा. तुह्यं कार्ड उशिरा नवतं पडलं.

इनायत : तुमाले चार वर्षं माहीत होतं.

सोमाजी : जाळून टाकलं मी ते. साहेबाले सांगतलं, टपाल उशिरा आलं. तुलेही तेच सांगतलं. रंभेवर मी त्या दिवशी लय चिडलो, पन काऊन चिडलो ते नाई सांगतलं. सांगून काय होनार होतं? तिनं जानून थोडीच केलं. नव्या साहेबापुढं, कोर्टापुढं, कुठीही उभा राह्यलो असतो त पयला सवाल तोच. खबर कवा भेटली, न् भेटल्यावर काय केलं? मी काय सांगाचं? बायकोनं पेटीत ठेवलं?

रंभा : सांगाचं होतं.

सोमाजी : न् तू जगली असती ते आयकून?

रंभा : इनायतभाऊ जगले ना. यायची चूक नसताना जगले. मी माह्या चुकीचं घेऊन नसती का जगली? मले विचारलं तरी का तुमी?

सोमाजी : मी तुह्यासाठी केलं, रंभे.

रंभा : अर्धं माह्यासाठी. अर्धं वनपालजी म्हनते ना लोक, त्याच्यासाठी.

इनायत : मी दरवर्षी मंगरूच्या घरी जातो. त्याले माहीत आहे, खटका कोनं दुरुस्त केला ते. मीच सांगतलं. कार्डाचंही सांगतलं, म्हनलं मंगरू, माह्याकडून उशीर झाला. तो म्हनला, जाऊ दे भाऊ, टपालाचा काय भरोसा. त्यानं मले माफ केलं त्या उशिरासाठी, जो मी केलाच नवता. न् मी ती माफी घेऊन आलो.

रंभा : खटक्याचं काय म्हनला?

इनायत : खटक्याचं काई नाई बोलला तो. आजवर नाई.

सोमाजी : इनायत, बस खाली. बस ना. उठू नको असा.

इनायत : काय बसू? मी इथी कायले आलो होतो? एका मानसाले म्हनाले आलो, खरं बोला म्हून. न् तुमी मले दुपारपासून कागद नाई, रेकॉर्ड नाई, धोरन, हुकूम. एका गोष्टीचा जर राग येते ना भाऊ, त तो पायाचा नाई. बाईनं कार्ड ठेवलं, समजू शकतो. मांडव होता. पन तुमी. दर तारखेले मी चांद्याच्या कोर्टात उभा राहून हाजिर म्हनत होतो, न् तुमी इथी धान मोजून राह्यले. एकदा, फक्त एकदा म्हनाचं होतं, इनायत, तुह्या हातून उशीर नाई झाला. कोर्टात नको. माह्या कानात म्हनलं असतं तरी चाललं असतं.

सोमाजी : चुकलं माह्यं.

इनायत : आता म्हनून राह्यले.

रंभा : भाऊ, तुमच्या वकिलाले काय पायजे म्हनले? एक मानूस?

इनायत : एक मानूस, ज्यानं मले पाठवलं.

रंभा : ज्याच्याकडं तुमी खबर पाठवली, तो मानूस चालन का?

इनायत : म्हनजे?

रंभा : कार्डं कोनाच्या नावानं आले? माह्या. लगनाआधी अकरा आले. बाराव्याची त गोष्टच नको. पोस्टमननं कोनाच्या हातात देले? माह्या. मी सांगीन कोर्टाले, हा मानूस टोळीतला असता त त्यानं वनपालाच्या बायकोले कायले कार्डं लिह्यले असते? भांडे त माह्याजवळ नवतेच.

सोमाजी : ते कार्ड दाखवा म्हनते कोर्ट. कुठी आहे कार्ड? सारे जाळले मी, वाचले का जाळाचे असं ठरलं होतं.

रंभा : कार्ड नाई म्हून मले पुसते ना कोर्ट? मंग मी बाराव्याचं सांगते. हळदीच्या दिवशी आलेलं. ते मी लपवलं, त्याच्यानं एका मानसाचा पाय गेला. असं खोटं कोनती बाई आपल्या अंगावर घेईल? ते आयकून कोर्टाले पटन.

सोमाजी : वकील काय काय पुसते तुले माहीत नाई. भर कोर्टात नागवं करते. त्या बापूरावाचे लोक तिथी राह्यते. उद्या पेपरात छापून आलं त दिव्यानीच्या सासरी काय म्हनते? लगनाच्या मांडवातली गोष्ट.

रंभा : दिव्यानीले मी आधी सांगीन.

इनायत : बाई, रागाच्या भरात ठरवू नका. तुमालेच अडचनीत टाकन ते. खबर दाबली म्हून.

रंभा : टाकू द्या.

इनायत : आन् एक सांगून ठेवतो. तुमी आल्या तरी माह्या मनातून हे जानार नाई. माफी-बिफी होनार नाई माह्याकडून. आज तरी नाई.

रंभा : मांगितली कोनं? तुमाले मांगून काय करू? पाय तुमचा नाई गेला.

सोमाजी : तू गेली त मी घरी बसू का? लोक म्हनतीन, बायकोले पुढं करून वनपाल लपला.

रंभा : लोकांसाठी येत असान त नका येऊ.

सोमाजी : ...लोकांसाठी नाई.

इनायत : खरं म्हनता, भाऊ? परवा ऐन वक्ती कंबर दुखते, ताप आला, असं नाई ना होनार? आत्ताच सांगा. मी वकिलाले दुसरं काई पाहा म्हनीन. पन आस लावून ठेवू नका, ते चार वर्षं पुरलं मले.

सोमाजी : येतो. बोलता किती येईल ते माहीत नाई. साहेबाचं नाव घेतलं त काय होईल, तेही माहीत नाई. पन याले मी पाठवलं, येवढं म्हनीन. येवढं तोंडातून निघन.

इनायत : न् हजेरीपट?

सोमाजी : अक्षर माह्यं आहे म्हनीन. खोटं लिह्यलं म्हनीन.

इनायत : ठीक.

रंभा : आता त भात वाढू?

इनायत : नको बाई. कुरखेड्याले माह्या फुफीचं, अब्बाच्या बहिनीचं, घर आहे, तिथी मुक्काम करतो. तुमच्या घरी आज गळ्याखाली उतरनार नाई. वाईट नका वाटू देऊ.

रंभा : नाई वाटत.

इनायत : उद्या दुपारी बारा वाजता वडसा गाडी आहे. स्टँडवर या. तिथून पुढं ब्रह्मपुरीवरून चांदा. संध्याकाळपर्यंत पोचतो. शमीमले सांगतो, दोघं जन मुक्कामी येते म्हून.

रंभा : मंगरूचा टोला रस्त्यातच पडते ना?

इनायत : सिंदेवाहीच्या अलीकडं, फाट्यावरून पायी. पन तिथी उतरलं त मांगची गाडी चार घंट्यांनी भेटते, बाई. रात होईल पोचाले.

रंभा : मंग बाराची नको. सकाळची पयली धरू.